चाक काढल्यावर ब्रेक दाबायचा नसतो

माझं शुद्धलेखन सांभाळून घ्या, शब्दही साधेच आहेत, शाळा लवकर सुटली माझी... पण डिस्क ब्रेकला नावं ठेवत नाही मी, हे आधीच सांगतो! भर पावसात एका बोटानं थांबते सायकल, रिमचे ब्रेक ओले झाले की नुसते घसरत राहतात. पण डिस्कला तेलाचा हात लागला की ती किंचाळते, आणि चाक काढून ब्रेक दाबलात तर संपलंच, डिस्क चाकाबरोबर निघालेली, मधे काहीच नसतं ना, दोन्ही पॅड एकमेकांना चिकटतात आणि चाक परत आत जाईना!

हे ठाऊक असून मी दाबीन का, सांगा? पण रोज दुपारी जेवून दुरुस्तीच्या दुकानात येतो तर स्टँडवरच्या चाक काढलेल्या सायकलचे पॅड मिटलेले. दुकानाला कुलूप, किल्ली माझ्या खिशात.

ताई, म्हणजे आमच्या उस्तादांची मुलगी, दुकान आता तीच बघते, ती म्हणाली, "बाबांची सवय लागलीय तुला."

उस्तादांची खोडच ती हो... सायकल दिसली की ब्रेक दोनदा दाबायचे, कच कच. तिसऱ्यांदा दाबला की समजायचं, काम पुन्हा कर. रिमच्या ब्रेकला त्यानं काय होतंय? डिस्कवर मात्र राग. म्हणायचे, जो ब्रेक डोळ्यांना दिसत नाही त्याच्या भरवशावर उतार कसा उतरायचा? गेल्या हिवाळ्यात गेले. दुकानातल्या त्यांच्या स्टुलावर, बसल्या बसल्या.

डिस्कला नावं ठेवत नाही मी, पण काल नेमकी नर्सबाईंची सायकल. त्यांचं हॉस्पिटल उताराच्या तळाशी, ड्यूटीची वेळ झालेली, आणि चाक आत जाईना. मी पट्टीनं पॅड उघडतोय, बाई घड्याळ बघतायत, ताई माझ्याकडे. बाई एकदाच्या गेल्या, तशी ताई म्हणाली, "पुन्हा असं झालं तर दुसरं काम बघ."

काय सांगणार मी, तुझे बाबा येतात म्हणून? पट्टी पुसायला घेतली... आणि मागे कच कच.

दोघं वळलो. रिकामं स्टूल, शेजारी स्टँडवर चाक काढलेली दुसरी सायकल, पॅड मिटलेले.

"उंदीर असेल," ताई म्हणाली.

"असेल," मी म्हटलं. उंदीर ब्रेक दाबतो? तोही मोजून दोनदा?

स्टुलाकडे बघत ती हळूच म्हणाली, "त्यांना सांग ना... चाक काढल्यावर नाही दाबायचा."

"मी?"

"तुझं ऐकायचे ते. माझं कधी ऐकलंय?"

म्हणजे नोकरी राहिली माझी, पण हे काम वाढलं! डिस्कला नावं ठेवत नाही मी, तरी आज सकाळी माळ्यावरून त्यांची जुनी रिमब्रेकवाली सायकल उतरवली, रबरं नवी घातली, स्टुलाशेजारी उभी केली आणि पाठ वळवून म्हटलं, "उस्ताद, ही तुमची. डिस्कवाल्या तेवढ्या सोडा."

मागे कच कच. हुश्श केलं मी... तेवढ्यात आणखी एकदा, कच.

काय करणार? पाना घेतला आणि तार पुन्हा आवळायला बसलो.