डोळा शोधणारा कॅमेरा

बसा, मंडळी, बसा! पुढं सरका, मागं जागा होऊ द्या. अहो तुम्ही, खांबाजवळचे! मोबाईल खाली ठेवा की. माझा फोटो काढून काय करणार? घरी गेल्यावर बघता तरी का?

तर आजच्या कीर्तनाचा प्रश्न असा. आपण रोज ज्याच्याकडं पाहतो, ते माणूस आपल्याला दिसतं का? हसू नका! सोपा वाटतो ना प्रश्न? मलाही वाटला होता. मग शेवगावच्या दिगंबर वाण्याची गोष्ट कळली, आणि दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. ऐका.

दिगंबर वाणी म्हणजे लग्नाचा फोटोग्राफर. बाजारपेठेत छोटा स्टुडिओ, वरच्या मजल्यावर बिऱ्हाड. तीस वर्षं ह्यानं तालुक्यातली लग्नं काढली. आणि बरोबर कोण? बायको, शकुंतला. मूलबाळ नव्हतं. दोघंच. तो कॅमेरा घेणार, ती खांद्यावर स्टँडची पिशवी घेणार, निघाली जोडी!

आता ह्या धंद्यातली एक रीत सांगतो. नवरी स्टेजवर यायच्या आधी उजेड तपासावा लागतो. मग नवरीच्या जागी कुणीतरी उभं राहायचं, एक ट्रायलचा फोटो घ्यायचा, उजेड बरोबर आहे का बघायचं, आणि तो फोटो खोडून टाकायचा. कार्डात जागा लागते ना! रिळाच्या काळात तर ती निगेटिव्ह कापूनच टाकायची. तर दिगंबर म्हणायचा, "शकू, उभी राहा गं जरा." ती पदर सारखा करून उभी राहायची. खटक! "झालं, हो बाजूला." आणि खोडला! प्रत्येक लग्नात नवरीच्या जागी आधी ती उभी राहिली, मंडळी, आणि प्रत्येक लग्नात नवऱ्यानं तिला स्वतःच्या हातानं खोडली. मनात काही वाईट होतं का? छे हो! कामच तसं होतं.

दोन वर्षांमागं शकुंतला गेली. चार दिवसांचा ताप, आणि संपलं. तेराव्याला फोटो हवा, हार घालायला. दिगंबरनं कपाटं उपसली, जुनी रिळं, कार्डं पालथी घातली. तालुक्यातली सगळी माणसं सापडली, बायको सापडेना! स्वतःच्या लग्नात फोटो काढायला पैसे कुठं होते? शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा केला. तो कसा असतो, तुम्हाला माहीतच आहे. आपलाच आपल्याला ओळखू येत नाही. लोक दारातनं आत आले, भिंतीकडं बघितलं आणि एकमेकांकडं बघितलं. त्याला कळलं सगळं.

त्या दिवसापासून त्याचं काम बिघडलं. लग्नात एकटाच जायचा. ट्रायलला उभं राहायला कुणी नाही, म्हणून ट्रायल नाही. चेहरे धूसर यायला लागले. गिऱ्हाईक म्हणायचं, "काका, आमची मुलगी नीट दिसत नाही हो ह्यात." हा म्हणायचा, "कॅमेरा जुना झालाय." खरंच वाटायचं त्याला तसं! एकटा माणूस दोष द्यायला काहीतरी शोधतोच. आणि घरी आला की कुलूप काढायचं, पंखा लावायचा, आणि पंख्याचा आवाज ऐकत बसायचं. स्वयंपाक एका माणसाचा काय करायचा? बिस्किटं चहात बुडवली, झालं जेवण.

अशात बाजारात नवा कॅमेरा आला. मोठ्या लोकांचा, मोठ्या कामाचा! दिगंबर नगरला दुकानात गेला. दुकानदार पोरगा भारी बोलका. "काका, हा स्वतःच डोळा शोधतो! माणसाचा डोळा, पक्ष्याचा डोळा, कुत्र्याचासुद्धा! डोळ्यावर चौकट बसली की हलायची नाही. धूसर फोटो विसरा!"

दिगंबरचं मन लागलं त्यावर. पण घ्यायचा कशानं? घरात विकण्यासारख्या दोनच वस्तू, शकुंतलाच्या पाटल्या. त्या दिल्या की हा येतो. देऊ? नको देऊ? विचारायला घरात कोण होतं? पोरगा म्हणाला, "काका, ओळखीचे आहात. एक दिवस घरी न्या, वापरून बघा. उद्या सांगा." आणला घरी.

दुपारची वेळ. खोलीत बसून कॅमेरा डोळ्याला लावला. चौकट निघाली हिंडायला! कपाटावर गेली, खिडकीवर गेली, खुंटीवरच्या सदऱ्यावर गेली. कुठंच बसेना! अहो, बसणार कुठं? घरात डोळा होता कुणाचा? मग त्यानं कॅमेरा भिंतीकडं वळवला, शकुंतलाच्या फोटोकडं. चौकट आली... तिच्या चेहऱ्यावर जरा थांबली... आणि सरकून गेली. पुन्हा वळवला, पुन्हा तेच. एवढा महागाचा कॅमेरा, त्यालाही ती सापडेना! दिगंबर खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. दोन वर्षांत पहिल्यांदा.

तोंड धुतलं. म्हणाला, कुणाचा तरी चेहरा पाहिजेच. समोर रस्त्यापलीकडं हौसाताईंचं शिवणाचं दुकान. शकुंतलाची मैत्रीण. ती गेल्यापासून हा तिकडं फिरकला नव्हता. आज गेला.

"ताई, जरा उभ्या राहता का? ट्रायल घ्यायचाय."

"माझा फोटो? अगं बाई! दिगंबरभाऊ, आज सूर्य कुठं उगवला?" पण राहिल्या उभ्या, गळ्यात टेप तसाच.

चौकट टपकन डोळ्यावर बसली. दिगंबर खूश! आणि सवयीनं, जे तो प्रत्येक नवरीला सांगायचा, तेच बोलून गेला, "ताई, डावा खांदा जरा वर घ्या."

हौसाताई हसल्या. "माझा सरळच आहे हो. उतरलेला होता तो शकूचा."

"कुणाचा?"

"शकूचा! डावा खांदा, चांगला अर्धा इंच. प्रत्येक ब्लाऊजला तेवढं सांभाळायला लागायचं मला." त्यांनी मापाची वही काढली, पान उघडून पुढं धरलं. "हे बघा. तुमच्या स्टँडच्या पिशवीनं उतरला तो. एवढी वर्षं त्याच खांद्यावर घ्यायची ना ती!"

दिगंबरनं वही हातात घेऊन तो आकडा पाहिला. कसंबसं विचारलं, "मला... मला का नाही बोलली?"

"मी म्हटलं होतं तिला, सांग की त्यांना. तर म्हणाली, नको गं बाई. सांगितलं तर पिशवी उचलू देणार नाहीत. आणि पिशवी नसली तर मला बरोबर कशाला नेतील?"

मंडळी! ज्यानं परक्या हजार पोरींचे खांदे सरळ केले, त्याला घरातला उतरलेला खांदा दिसला नाही! तीस वर्षं! आणि ती बिचारी ते ओझं कशाला वाहत होती? ह्याच्या शेजारी चालायला मिळावं म्हणून! आणि ह्याला वाटत होतं, ती मदतनीस आहे!

दुसऱ्या दिवशी दिगंबर नगरला गेला. कॅमेरा परत ठेवला. पोरगा गडबडला. "काका, काय कमी पडलं ह्यात?"

"ह्यात काही कमी नाही रे," दिगंबर म्हणाला, आणि जुना कॅमेरा गळ्यात अडकवून बाहेर पडला.

आता त्याची लग्नं कशी होतात, सांगू? नवरी यायच्या आधी तो मांडवात फिरतो. भांडी घासणारी बाई, आचारी, कोपऱ्यात एकटी बसलेली कुणाची तरी विधवा आत्या, त्यांना म्हणतो, "या, जरा उभ्या राहा." फोटो घेतो, आणि तो खोडत नाही. चेहरे आता स्वच्छ येतात म्हणे. घरी मात्र पंख्याचाच आवाज आहे, तो काही बदलला नाही. उशीर झाला तो झालाच, मंडळी. मी तुम्हाला खोटं गोड सांगणार नाही.

पण तुम्हाला उशीर झालेला नाही ना? मग माना हलवू नका नुसत्या! शेजारी कोण बसलंय? आई? नवरा? सून? त्यांचा कुठला खांदा उतरलाय, सांगा बघू! आत्ता, न बघता! का हो, शेजारी काय बघताय? देवाला डोळे भरून बघायला निघालात, आणि घरातलं माणूस?

आणि मी तरी कोण मोठा लागून गेलो? माझ्या मागं हे सोपानराव, एकवीस वर्षं पेटी धरतात. मी तुमच्याकडं तोंड करून बोलतो, ते माझ्या पाठीकडं बघून वाजवतात. त्यांना चष्मा आहे की नाही, शपथेवर विचारलंत तर मला सांगता यायचं नाही! नाम घेऊ, अभंग म्हणू, आरतीही करू. पण आधी जरा थांबा, मंडळी. मी मागं वळतो.