जळाऊ पियानो

चहा घ्या, पण हसू नका. मला त्या प्रसंगाचा अजूनही संताप येतो. नागपूरचे तीन तरुण वादक पियानो, व्हायोलिन आणि चेलो घेऊन ट्रकने गडचिरोलीला निघाले होते. कार्यक्रम पाच वाजता होता आणि संयोजक या नात्याने मी सोबत होतो. चार वाजता जंगलनाक्यावर गार्डने ट्रक अडवला.

"लाकूड नेऊन राह्यले, पास कुठी हाये?"

"ही वाद्ये आहेत," मी शक्य तितक्या शांतपणे सांगितले.

त्याने पियानोवर टिचकी मारली. "हे लाकूड नाई म्हनता?"

"लाकूडच आहे, परंतु..."

"मंग परंतु काऊन? इमारती लाकडाच्या पासावर रेंजरसायबाची सही लागते, अन् सायब दौऱ्यावर हायेत."

व्हायोलिन वाजवणारी मुलगी रडकुंडीला आली, तेव्हा कुठे तो विरघळला. "जळाऊचा पास मी देतो, भाऊ."

'जळाऊ लाकूड, तीन नग' या मजकुराखाली मला, एका एम.ए. झालेल्या माणसाला, सही करावी लागली! आणि नाक्याचा अडसर उचलताना तो मलाच बजावतो, "जाळन्याच्या पयले वाजवून घ्या मात्र!"