सोनाराने तोललेले छर्रे

त्या हळू जाणाऱ्या गोळ्यांपायी माझी काय शोभा झाली, ते ऐका. खराडीच्या ऑफिसातून सुटलो की मी नेमबाजीच्या क्लबात जायचो आणि घरी येऊन परदेशातले व्हिडिओ बघायचो. त्यातला एक माणूस बारूद स्वतः मोजून काडतुसं भरायचा. त्याच्या गोळ्या आवाजाच्या वेगापेक्षा हळू जायच्या, त्यामुळे बार फारसा ऐकूच यायचा नाही.

मी आमच्या कोचना विचारलं, "सर, अशी काडतुसं आपण घरी भरायची का?"

"भरा ना," सर म्हणाले. "पोलीस घरपोच येतात."

मग मी एअर रायफलच्या छर्‍यांवर समाधान मानलं. क्लबच्या स्पर्धेसाठी सगळे छर्रे एकाच वजनाचे हवेत, म्हणून डबी घेऊन कसब्यातल्या ओळखीच्या सोनाराकडे गेलो. त्यांनी तासभर एकेक छर्रा काट्यावर तोलून साठ वेगळे काढून दिले.

"चोख आहेत ना?" मी विचारलं.

"शिसं चोख आहे," ते म्हणाले. "गिऱ्हाइकाचं सांगता येत नाही."

स्पर्धेत मी पहिले दहा छर्रे मारले आणि दुर्बिणीतून पाहिलं, तर माझं टार्गेट कोरं करकरीत! मी दुर्बीण पुसून पुन्हा पाहिलं. शेजारी कॉलेजातली एक मुलगी अजून जॅकेटची बटणंच लावत होती. तिच्या टार्गेटवर मात्र मधोमध भोकं पडली होती.

तिनेही ती पाहिली आणि माझ्याकडे वळली.

"काका, पुढचे पण इकडेच मारणार असाल, तर मी चहा पिऊन येते."