इंजिन तेवढं जाम आहे

नाही नाही, उशाशी नका बसू हो, तिकडं पायाशी बसा, इथं बसलात तर मला दिसणार नाही, मान वळत नाही माझी… मान कसली, काहीच वळत नाही! आज नववा दिवस या पलंगावर, आणि भेटायला येणारा प्रत्येक जण काय विचारतो? 'कंबर कशी आहे?' छे! 'ट्रॅक्टर कसा आहे?' अरे, आडवा कोण पडलाय, मी की ट्रॅक्टर? ट्रॅक्टर मजेत आहे! ऐका, येतोय ना आवाज बाहेरून, धड् धड् धड्? सकाळपासून हेच चाललंय. आणि हे सगळं कशामुळं झालं, तर त्या विकणाऱ्या माणसाच्या एका वाक्यामुळं. 'इंजिन तेवढं जाम आहे, बाकी नवाकोरा!'

तुम्हाला सांगतो, त्याच्या शेडच्या मागं गवतात उभा होता हो हा ट्रॅक्टर. दिवे दोन्ही गायब, सीटच्या जागी पोतं, सायलेन्सरात चिमण्यांनी संसार थाटलेला! आणि हा गृहस्थ मडगार्डवर अशी थाप मारतो, घरच्या म्हशीच्या पाठीवर मारावी तशी. थाप मारली तर मडगार्डचा तुकडाच हातात आला. तो त्यानं शांतपणे खिशात घातला आणि म्हणाला, 'इंजिन तेवढं जाम आहे, बाकी नवाकोरा!' आणि मी काय म्हणालो असेन? 'वा!' म्हणालो. म्हणजे उद्या कुणी सांगितलं की पेशंटचा श्वास तेवढा बंद आहे, बाकी तब्येत ठणठणीत, तर त्यालाही मी 'वा' म्हणेन!

आता खरं कारण सांगतो, पण हळू… बायको स्वयंपाकघरात आहे, तिला मी सांगितलंय की घरामागचा जमिनीचा तुकडा नांगरायला घेतला. खोटं! मागचा तुकडा केवढा? त्यात ट्रॅक्टर वळवायचा म्हटलं तर अर्धा शेजाऱ्याच्या भिंतीत जाईल. मी घेतला तो नंबरप्लेट बघून. सव्वीस वर्षं बाबांनी हाच ट्रॅक्टर चालवला, हाच! स्वतःचा नाही हो, मालकाचा. याच मडगार्डवर बसून मी शाळेला जायचो. मग वय झालं, मालकानं किल्ली परत मागितली, बाबांनी दिली, आणि त्या दिवसापासून माणूस गप्पच झाला. भांडण नाही, रुसवा नाही. 'बाबा, जेवलात?' 'हं.' 'बाबा, बरं वाटतंय?' 'हं.' पाच वर्षं आमचं घर 'हं'वर चाललंय! मला वाईट वाटायचं हो, फार वाटायचं. म्हटलं, हा सुरू करू आणि एके दिवशी किल्ली त्यांच्या हातात ठेवू. एवढीच इच्छा.

तर आणला. ओढून आणणाऱ्यानं अंगणातल्या उतारावर सोडला, तोंड बरोबर स्वयंपाकघराच्या दाराकडं! बायको बाहेर आली, कमरेवर हात. 'अहो, हे काय आणलंत?' म्हटलं, 'ट्रॅक्टर.' 'चालतो?' म्हटलं, 'इंजिन तेवढं…' 'जाम आहे?' बघा, बायकांना कसं कळतं! दोन मोठे दगड आणले, चाकांखाली घातले आणि म्हणाली, 'महिनाभर देते. महिनाभरात हलला तर तुमचा, नाहीतर भंगारवाल्याचा.' आणि तो भंगारवाला! त्याला कुठून वास लागला देव जाणे, दर रविवारी हजर. फाटकाशी उभा राहून ट्रॅक्टरकडं असा बघायचा, आणि गोड आवाजात, 'सावकाश होऊ द्या दादा, मला घाई नाही…' अरे, तुला घाई नाही म्हणूनच मला झोप नाही!

मग मिस्त्री आला. हा मिस्त्री म्हणजे… डॉक्टर बरे! यानं आधी इंजिनाला कान लावला. अहो, बंद इंजिनाला! मग म्हणाला, 'पिस्टन चिकटलेत. नोझल काढू, त्या भोकांतून रोज वाटीभर तेल सोडायचं, रात्रभर मुरू द्यायचं, आणि सकाळी जोर लावायचा.' 'जोर कुणी लावायचा?' 'मालक कोण?' झालं! पुढच्या पुलीच्या नटाला पाना, पान्यावर हा एवढा चार फुटी पाइप, आणि पाइपाला मी! 'लावा जोर मालक! हां! अजून!' स्वतः चहाचा कप घेऊन दगडावर बसलेला. तुम्हाला सांगतो, चौथ्या दिवशी ते केसभर हललं. केसभर! आणि थांबलं. मिस्त्री उडालाच, 'सुटतंय मालक, सुटतंय!' पाचव्या दिवशी केसभर. दहाव्या दिवशी केसभर. विसाव्या दिवशी… बरोबर, केसभर! वाट्या संपल्या हो घरातल्या. बायको म्हणाली, 'भाजीत तेल कमी का, विचारू नका. तुमच्या लाडक्याला पाजलंय.'

बाबा? बाबा ओसरीवर बसून बघायचे. एक-दोनदा उठून जवळ आले, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात मीच म्हटलं, 'बाबा, तुम्ही लांब बसा, तेल सांडलंय, पाय घसरेल.' काळजीपोटीच म्हटलं हो! आणि शिवाय किल्ली त्यांच्यासाठी आहे, हे त्यांना कळू द्यायचं नव्हतं ना. 'हं' म्हणाले आणि जाऊन बसले.

असा महिना संपला. शेवटचा रविवार. भंगारवाला साखळी आणि ओढायची गाडी घेऊनच आला. बायको दारात. मिस्त्री मान खाली घालून पाने गोळा करतोय. मला तर रडूच येत होतं, सांगायला लाज कसली. म्हटलं, 'एकदा, शेवटचं!' पाइप धरला, पाय रोवले, महिन्याभराचा सगळा राग, ती केसभरं, तो 'बाकी नवाकोरा', सगळं खांद्यात आणलं… मागं कुठंतरी 'खट्' झालं. मला वाटलं, साखळी असेल. आणि मी लावला जोर!

अहो, काही लागलंच नाही! कुणीतरी आतून दार लोटून धरलंय म्हणून आपण धडक मारावी आणि दार उघडंच असावं, तसं! पाइप सर्रकन खाली, मी त्याच्यावरून पलीकडं, एक कोलांटी, आणि पाठीवर धप्प! वर निळं आभाळ, आणि कमरेत 'कट्'. मिस्त्री ओरडतोय, 'फिरलं! फिरलं!' म्हटलं, हो रे बाबा, माझंही सगळं फिरतंय…

आणि वर बघतो तर सीटवर, त्या पोत्यावर, बाबा!

मिस्त्री म्हणाला, 'बाबा, तुम्ही काय केलंत?' 'गिअर काढला.' 'म्हणजे… गिअरमध्ये होता?' 'मग? उतारावर गाडी मोकळी सोडतात होय? आणला त्याच दिवशी मी गिअर टाकला, हँडब्रेक ओढला, आणि रोज संध्याकाळी तुम्ही गेलात की चढून बघतो. तुमच्यासारखा नाही मी, निष्काळजी.' एक महिना! इंजिन चौथ्या दिवशीच सुटलं होतं हो, पण गिअरमध्ये ते चाकांना जखडलेलं, आणि मी पुढचे सव्वीस दिवस बायकोच्या दगडांशी कुस्ती खेळत होतो! तो गिअरचा दांडा इतका लुळा, की कुठं आहे ते फक्त त्यांच्याच हाताला कळतं. मी खालून विचारलं, 'बाबा, मग सांगितलं का नाहीत?' तर म्हणाले, 'मला कुणी विचारलं?'

सव्वीस वर्षं चालवणारा माणूस ओसरीवर बसलेला, आणि आम्ही त्याला 'पाय घसरेल' सांगतोय! 'मग आज का काढलात?' तर तोंड फिरवून म्हणाले, 'नेतायत ना आज ओढून? गिअरमध्ये ओढला तर गिअरबॉक्सची वाट लागते. म्हटलं, निदान नीट जाऊ दे.' माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. कमरेचंही होतं थोडं, पण बरंचसं ते.

नंतर काय, मला विचारतंय कोण? डॉक्टर येईपर्यंत हलवू नका म्हणाले सगळे, म्हणून दोन तास मी तिथंच. बायकोनं उशी दिली, वर छत्री उघडली आणि गेली ट्रॅक्टरपाशी. मिस्त्री मला ओलांडून पाने आणतोय, भंगारवाल्यानं स्वतःच्या गाडीची बॅटरी काढून दिली, बाबा वरून हुकूम सोडतायत, 'नळी भर! हवा काढ! तू सरक!' आणि धड्… धड्… धड् धड् धड्! काळा धूर सगळा माझ्या छत्रीत. चिमण्या कधीच उडाल्या होत्या, नशीब त्यांचं. किल्ली हातात ठेवायची राहिलीच. ती बाबांनी परस्पर खिशात घातली, आणि तेव्हापासून उतरतायत फक्त जेवायला. बोलतायत तर किती, विचारू नका. परवा रस्त्यावरच्या कुणीतरी विचारलं, 'मुलगा कसा आहे?' तर इंजिनाच्या वर आवाज काढून काय म्हणाले माहितीये? 'कंबर तेवढी जाम आहे, बाकी नवाकोरा!'

आली बघा ही वाटी घेऊन. तेलाची. रोज वाटीभर, रात्रभर मुरू द्यायचं, मिस्त्रीनंच सांगितलंय म्हणे. आलाच आहात तर एक हात लावा, मला पालथं करा… अहो थांबा! जोर लावायच्या आधी एकदा बाबांना विचारून या.