वळणावर वाजणारी लाल गाडी

नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं ओळखतो, असं मला वाटायचं. विलासच्या गाडीनं ती घमेंड एका दिवसात उतरवली बघा. तेव्हा बदनापुरात माझं गॅरेज होतं. गावातल्याच विलासनं मुंबईहून जुनी लाल स्पोर्ट्स कार आणली होती.

"अप्पा, वळणावर मागून खडखड वाजून राह्यलं. सरळ रस्त्यावर बिलकुल न्हाई."

मी चाकं काढली, बेअरिंग पाहिले, बोल्ट आवळले. तरी वळणावर खडखड! शेवटी डिक्कीतली स्टेपनी उचलली, तर खाली लाल फडक्यात बांधलेला तांब्याचा गडू.

"हे काय रे?"

विलास पांढराफटक पडला. "तात्यांच्या अस्थी."

वडिलांच्या अस्थी घरात न्यायच्या नाहीत, म्हणून त्यानंच गडू डिक्कीत ठेवला होता.

"मला वाटलं, दहाव्याला दादानं गडू काढून गोदावरीत सोडला."

"अन् दादाला?"

"त्याला वाटलं असंल, मी सोडला."

दहावा होऊन महिना उलटला होता. मी तिथंच मातीत बसलो. विलास रडत म्हणाला, "अप्पा, तात्या माझ्या गाडीत बसले की एकच म्हणायचे, वळणावर हळू घे."

"मंग महिनाभर दुसरं काय सांगून राह्यले ते?"