माझा पत्ता हिला माहीत आहे

...आणि वर मलाच विचारतात, तुम्ही राहता कुठे! अहो, नऊ वर्षं एकाच घरात राहतोय, एकाच खिडकीतून समोरच्या लॉन्ड्रीची वाफ बघतोय, आणि दर नव्वद दिवसांनी सरकारला लेखी कळवतोय की मी आहे तिथंच आहे. मी राहतो त्या देशात परदेशी माणसाला नियमच आहे तसा. फॉर्म द्यायचा, शिक्का घ्यायचा, हललो नाही म्हणून सांगायचं. तुम्हाला सांगतो, मला पहिल्या दिवसापासून एकच कुतूहल... हे वाचतं कोण? म्हणजे कुठल्यातरी खोलीत कुणीतरी चहाचा कप बाजूला ठेवून 'लिफ्टवाला अजून तिथंच आहे, बरं झालं बाई' असं म्हणतं का?

लिफ्टवाला म्हणजे मी. लिफ्ट दुरुस्त करतो. आता 'कळवतोय' म्हणालो खरा, पण कळवायची ही. ही म्हणजे आमची मंडळी. तिची एक निळी फाइल आहे. दोघांचे फॉर्म तीच भरणार, खाली पेन्सिलीनं बारीक फुली करणार, आणि फुली दिसली की मी सही करणार. वरचं वाचायचं कशाला? फुली, सही. फुली, सही. नऊ वर्षं!

पाच महिन्यांपूर्वी असाच टीव्हीसमोर सही करता करता सहज बोलून गेलो, "तू उगाच घाबरतेस. नाही कळवलं तर काय होतं?" ती म्हणाली, "बघायचंय का?" मी म्हणालो, "बघू की. यापुढे माझं मी बघतो." भांडली असती तर मिटलं असतं हो. ती नुसतं "बरं" म्हणाली. आता त्या 'बरं'चा अर्थ तुमच्यातल्या लग्न झालेल्यांना मी काय सांगायचा...

नव्वदावा दिवस उजाडला. ही टेबलाशी बसून लिहितेय, मी समोर चहा पितोय. ती विचारत नाही, मी मागत नाही. माझं मी बघतो ना! उद्या जाऊ म्हटलं, तर उद्या एका इस्पितळाची लिफ्ट अडकली. परवा विसरलो. आणि चौथ्या दिवशी, खोटं कशाला बोलू, मला उत्सुकताच लागली. चार दिवस सरकारला माहीत नाही मी कुठे आहे. काही झालं का? दारावर थाप नाही, चिठ्ठी नाही. दहा दिवस झाले, वीस झाले... शेवटी लॉन्ड्रीवाल्याला विचारलं, "माझी चौकशी करायला कुणी आलं होतं का?" तो म्हणाला, "तुमची? कोण येणार?" मला जरा वाईटच वाटलं.

मग ताईचा फोन आला. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा, तिनंच वाढवलं मला. तिचा एक डोळा आधीच गेलेला, उरलेल्याचं सोमवारी ऑपरेशन. म्हणाली, "डॉक्टरला सांगून ठेवलंय, धाकटा आल्याशिवाय मी आत जाणार नाही. नंतर दिसलं नाही तर? तुझं तोंड बघूनच जायचंय." मिळेल ती तिकिटं काढली. वेळेत पोचवणारं विमान एकच, शनिवारी दुपारचं.

विमानतळावर ही पुढे. पासपोर्ट तपासायच्या खिडकीतल्या चष्मेवाल्या बाईंनी हिला शिक्का मारला, ही पलीकडे. मग माझा पासपोर्ट. टकटक... टकटक... "एकसष्ट."

"काय एकसष्ट?"

"दिवस. कळवलं नाहीत. एवढे दिवस होतात कुठे?"

"घरी."

बाईंना ते पटलं नाही. बाजूच्या काचेच्या खोलीत बसवलं. तिथे एक पियानो शिकवणाऱ्या बाई, अकरा दिवस उशीर, रडवेल्या. आणि जहाजावरचा एक स्वयंपाकी, चारशे दिवस, निवांत बिस्किटं खात होता. मला राहवेना. "चारशे दिवस काहीच झालं नाही?" तो म्हणाला, "आत्ता होतंय की."

चष्मेवाल्या बाई मागोमाग आल्या. तशा प्रेमळ हो! म्हणाल्या, "जाणाऱ्याला आम्ही अडवत नाही. दंड भरा, राहिलेला फॉर्म भरा, विमान गाठा." दंड भरला. फॉर्म घेतला. पहिलीच ओळ, पत्ता. आणि माझं पेन थांबलं...

हसू नका. शहरातल्या दोनशे इमारतींचे पत्ते मला तोंडपाठ आहेत, कुठली लिफ्ट कुठल्या मजल्यावर कुरकुरते तेसुद्धा. पण आमच्या इमारतीला लिफ्टच नाही! चौपन्न पायऱ्या आहेत, त्या सांगितल्या. बाई म्हणाल्या, "घर नंबर?" मी म्हणालो, "लॉन्ड्रीच्या समोर." "कुठल्या लॉन्ड्रीच्या?" "आमच्या समोरच्या." "घरमालकाचं नाव?" आता आम्ही त्याला टोपीवाला म्हणतो, ते काय लिहू? खिशातल्या कार्डावर कंपनीचा पत्ता. फोन हिच्या पर्समध्ये, कारण मी तो हरवतो म्हणे.

बाईंनी कॉम्प्युटरवर हिची नोंद काढली. "यांचं सगळं वेळेवर आहे. राहतात, पतीसोबत."

"मग झालं तर! तो पती मीच."

"त्यांच्या पतीचा पत्ता आहे आमच्याकडे. तुमचा नाही. ते पती तुम्हीच कशावरून?"

पियानोवाल्या बाई रडायच्या थांबल्या. स्वयंपाक्यानं बिस्किटाचा पुडा खाली ठेवला. भिंतीवरचं घड्याळ सांगत होतं, विमानाचं दार बंद व्हायला वीस मिनिटं. आणि मला दिसत होती ताई, ऑपरेशनचा हिरवा झगा घालून, दाराकडे बघत बसलेली. या बाईंना पत्ता सांगता येत नाही ते सोडा, पण ताईला काय सांगू?

काचेपलीकडे ही उभी, छातीशी निळी फाइल. मी हात जोडले. खरोखर जोडले, चारचौघांत. माझं मी बघतो म्हणणारा मी! तिनं फाइल उघडली आणि एक कागद काचेला लावला.

माझा फॉर्म. नाव, घर नंबर, टोपीवाल्याचं खरं नाव, सगळं हिच्या अक्षरात. तारीख नव्वदाव्या दिवसाची. आणि खाली, पेन्सिलीची फुली.

बाईंनी दार किलकिलं करून कागद आत घेतला, हिच्या नोंदीशी ताडून बघितला, तारीख खोडायला लावली, मी सही केली, शिक्का बसला आणि आम्ही पळत सुटलो. विमानात बसल्यावर श्वास घेतला, विचारलं, "एकसष्ट दिवस फाइलीत होता? मग बोलली का नाहीस?" पट्टा बांधत म्हणाली, "तुम्ही काय करता ते मलाही बघायचं होतं."

सोमवारी मी ताईच्या इस्पितळातल्या बाकावर होतो. ताईनं माझं तोंड डोळे भरून बघितलं आणि आत गेली. मंगळवारी पट्टी सुटली. किती वेळ बघतच राहिली माझ्याकडे, मग म्हणाली, "पिकलास रे." तिथेच रडू फुटलं मला. ताईला मात्र आता सगळंच बघायचं होतं, सगळंच विचारायचं होतं. म्हणाली, "नऊ वर्षं झाली रे, तिकडे तू नेमका राहतोस तरी कुठे?"

मी मान वळवून हिला शोधलं.

"थांब ताई, हिला विचारून सांगतो."