अण्णांच्या चाकांची गॅरंटी

माझी गॅरंटी आयुष्यात एकदाच खोटी पडली, तीसुद्धा एका माणसाच्या हौसेपायी. ऐंशीचं दशक सरत आलेलं. रत्नागिरीत चाकांना पावडर कोटिंग करणारा तेव्हा मी एकटाच. गणपतीपुळ्याला जीप चालवणाऱ्या अण्णांची चारही चाकं मी रंगाची पावडर मारून, भट्टीत भाजून दिली. वर छाती ठोकून म्हणालो, "खाऱ्या वाऱ्यात पाच वर्षं रंग हलायचा नाही!"

पाच महिन्यांत अण्णा परत हजर. बायकोला जीपमध्येच बसवून आत आले आणि चार गिऱ्हाइकांसमोर ओरडले, "काय हो, हीच काय तुमची गॅरंटी?"

बाहेर जाऊन चाकं बघितली. आतलं लोखंड दिसत होतं. पण खाऱ्या वाऱ्याने रंगाला फोड येतात, इथे तर नुसते गोल गोल ओरखडे!

"अण्णा, चाकं धुता कशाने?"

"पाण्याने. आणखी कशाने धुणार?"

तेवढ्यात जीपमधून वहिनी कडाडल्या, "खोटं बोलू नका! राख आणि नारळाचं सोडण घेऊन रोज सकाळी तासभर घासत बसतात हे. मी तापाने पडले होते, तेव्हा एक ताट विसळलं नाही यांनी!"

गिऱ्हाइकं खो खो हसायला लागली. मला वाटलं, सुटलो.

वहिनी खाली उतरल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, चाकांचं राहू दे. माझ्या स्वयंपाकाच्या टोपांना मारून द्या ती पावडर, म्हणजे हे तेपण घासतील!"